दोन बादशाह्या आणि रेशमाचा व्यापार



इतिहास म्हटला की आपण लढायांच्या सनावळ्या पाठ करतो. आज मी तुमच्यापुढे बाजारपेठेचा इतिहास ठेवणार आहे.

सोळाव्या शतकात उस्मानी तुर्कस्तान आणि सफवी इराण ही शेजारी साम्राज्ये होती. कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातील कच्चे रेशीम उंटांचे तांडे तब्रिझमार्गे तुर्कांच्या बुर्सा शहरी आणीत. तेथे सरकारी काट्यावर वजन होऊन कर भरला जाई. मग ते विणकरांच्या आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या हाती पडे. इराणला सोनेचांदी मिळे, तुर्कांना कर आणि कारागिरांना काम.

१५१४ साली चाल्दिरानच्या लढाईत सुलतान सलीमने शाह इस्माईलचा पराभव केला. शाहाची तिजोरी आटावी म्हणून त्याच सुमारास त्याने इराणी रेशमावर बंदी घातली, व्यापाऱ्यांचा माल जप्त केला. परिणाम काय झाला? शाहाला तोटा झाला, परंतु बुर्साचे मागही थंडावले आणि खुद्द सुलतानाचे उत्पन्न घटले. १५२० साली गादीवर आलेल्या सुलेमानने ती बंदी उठवली.

युद्धे मात्र थांबली नाहीत. १६१२ च्या तहात शाह अब्बासने दरसाल रेशमाची २०० ओझी देण्याचे कबूल केले. १६१८ च्या तहात ती १०० वर आली. तलवारीने सुरू झालेला तंटा शेवटी मालाच्या आकड्यावर येऊन मिटवावा लागला, हे ध्यानात घ्या. पुढे १६३९ च्या झुहाबच्या तहाने सरहद्द ठरली.

हा व्यापार पुढे कोणी सांभाळला? इस्फहानजवळ शाह अब्बासने वसवलेल्या नव्या जुल्फातील आर्मेनियन व्यापाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता. शाहाने त्यांना परदेशी वकील म्हणूनही पाठवले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या वस्तीत कोस्तांद नावाचे शिक्षक व्यापाराची शाळा चालवीत. देशोदेशीचा माल, वजने आणि नाणी यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यात हिंदुस्थानातील शहरांचीही माहिती आहे.

पालकहो, ‘मुलाला दुकानावरच बसायचे आहे, मग शाळा कशाला?’ असे आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येते. त्या व्यापाऱ्यांनी आपली मुले दुकानावर बसविण्याआधी कोस्तांदच्या शाळेत बसविली होती. विद्यार्थी मित्रांनो, गणित, भूगोल आणि परकी भाषा हे विषय केवळ परीक्षेपुरते समजू नका.