वाडा आणि वस्तुसंग्रह



बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबुजी नाईक जोशी यांचा वाडा उभा आहे. नाईक हे मातब्बर सावकार. त्यांचे बंधू आबाजी हे पहिल्या बाजीरावांचे मेहुणे. १७४० साली बाजीराव निवर्तल्यावर पेशवेपदासाठी बाबुजींचेही नाव पुढे आले होते. ते पद त्यांस लाभले नाही. तथापि त्यांच्या आश्रयास आलेल्या मोरोपंतांमुळे (१७२९-१७९४) मराठी काव्याच्या इतिहासात बारामतीचे नाव कायमचे राहिले.

पुढे वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या. त्याबद्दल खेद करणे सोपे आहे, परंतु ज्या वास्तूत राबता असतो तिची डागडुजीही होते. भिंती राहिल्या. त्या घरातील भांडीकुंडी, दप्तरे, चोपड्या यांचे काय झाले, हे मात्र भिंतींवरून कळत नाही. म्हणून जुना वाडा मोकळा करून त्यावर पाटी लावली की संग्रहालय झाले, असे समजू नये.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह पाहावा. अडकित्ते, दिवे, कुलपे, स्वयंपाकाची उपकरणी अशा घरगुती वस्तूंचा त्यात मोठा भरणा आहे. १९७५ साली त्यांनी तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला.

इंदापूर तालुक्यात हे काम अधिक निकडीचे आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठची गावे गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरले म्हणजे दृष्टीस पडते; घरे तशी पुन्हा दिसावयाची नाहीत. उठून आलेल्या कुटुंबांच्या माळ्यावर एखादे जाते, पायली वा मोटेचे चाक असेल, तर तेच त्या गावाचे दप्तर होय. ते भंगारात जाण्यापूर्वी शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घरोघर विचारपूस करावी.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कोरीव वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात; तेथे पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा. इतर वस्तूंसाठी साधी नोंदवही पुरे. वस्तू कोणाची, कोणत्या गावची, तिचा उपयोग काय, गावच्या बोलीत तिला काय म्हणत, एवढे रकाने हवेत. देणगी की उसनवार, हेही देणाऱ्याच्या सहीनिशी लिहावे. आजीचे जाते दिलेल्या घराला पुढे ते परत हवे असेल, तर वाद उरत नाही.