पर्यायी औषध कुणाला म्हणायचं?
(कोल्हापूरच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



मी रायगडकडची कातकरी पोरगी. बारावीपर्यंत शिकले. मला विषय दिलाय 'पर्यायी औषधोपचार, अर्थ आणि उपयोग'. मी पहिल्यांदा विचार केला, पर्यायी म्हणजे काय? शहरातल्या माणसापुढं दवाखाना पण असतो आणि काढा पण असतो. तो निवडतो. त्याला पर्याय म्हणतात. आमच्या वाडीवर पावसाळ्यात ओढा भरला की दवाखानाच नाही. मग आजीचा काढा हा पर्याय कसला? तेवढंच आहे आमच्याकडं.

आजीचं औषध खोटं नाही. हगवणीवर कुड्याची साल, खोकल्याला अडुळसा, पोराच्या पोटात मुरडा आला की मुरुडशेंग. सर्पगंधा तर आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या माहीत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली विलायतेच्या मासिकात तिचा रक्तदाबावरचा गुण छापला, तेव्हा जगानं मानलं.

पण खरं बोलायचं तर सगळंच बोललं पाहिजे. माझा चुलतभाऊ झोपेत मण्यार चावून गेला. भगतानं रात्रभर मंतरलं. सकाळी दवाखान्यात नेला तर तिथं सापाची लस नाही, पुढं जा म्हणाले. वाटेतच गेला. चूक भगताची हाय, आमची हाय, आणि लस न ठेवणाऱ्याची पण हाय. सापाच्या विषावर, टीबीवर, अडलेल्या बाळंतपणावर झाडपाला चालत नाही. तिथं दवाखानाच पाहिजे, आणि तो मागताना लाजायचं नाही. 'आदिवासींना जडीबुटी पुरते' असं कुणी गोड बोललं तर त्याला विचारा, तुमच्या पोराला साप चावला तर काय कराल?

आता तुमच्या रानाचं बघा. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या जंगलात नरक्या आहे. त्याच्यात कॅम्पटोथेसिन असतं, त्यापासून कॅन्सरची औषधं होतात. म्हणून चोरटी तोड होते. मोळी बांधणाऱ्याला रोजगार मिळतो चार पैशांचा, माल जातो लांब. धाड पडली की आधी कोण सापडतो? कुऱ्हाड हातात असलेला. झाड पण गेलं आणि माणूस पण गेला.

म्हणून औषधाचा प्रश्न जमिनीपासून वेगळा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजावर आपली मालकी सांगितली आहे, आणि औषधी वनस्पती, कंदमुळं त्याच्यातच येतात. 2008 च्या नियमांत तेराव्या नियमात सामूहिक हक्काचे पुरावे दिलेत. वैदू लोक जिथून औषधी वनस्पती गोळा करतात ती जागा पण त्यात आहे. दाव्यात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब पण पुरावा धरतात.

म्हणजे आजीला जे ठाऊक आहे ते नुसतं औषध नाही, तो आपला कागद आहे. तर परत गेल्यावर एवढं करा. गावातल्या जाणत्या माणसांना घेऊन रानात फिरा. कुठला कुडा, कुठला हिरडा, कुठल्या ओढ्याच्या कडेला काय, ते लिहून नकाशा काढा. तो ग्रामसभेत ठेवा, सामूहिक दाव्याला जोडा. साल काढताना झाड मरणार नाही असा नियम ग्रामसभेनंच करावा. त्याच सभेत दुसरा ठराव घ्या, आमच्या दवाखान्यात सापाची लस बारा महिने पाहिजे.

रान पण आपलं, दवाखाना पण आपला. दोन्ही हातात आले, म्हणजे मग आपण पण निवडू. त्या दिवशी म्हणू, हा पर्याय.

जिंदाबाद!