यंत्राच्या आधीचं रसायन



"रक्त मशीनमध्ये घातलं की आकडा बाहेर येतो, मग तुमचं काम काय?" रुग्णालयातल्या आम्हा जीवरसायनतज्ज्ञांना हा प्रश्न ठरलेला. आमचं निम्मं काम मशीनच्या आधी होतं.

रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर वापरत राहतात. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं, तर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर घटते. म्हणून साखरेसाठी करड्या बुचाची, फ्लोराइडची नळी असते. पोटॅशियमचं नेमकं उलट. ते पेशींच्या आत कितीतरी पटींनी जास्त असतं. नळी जोरात हलवली की पेशी फुटतात आणि आकडा उगाचच चढतो. सेंट्रिफ्यूजमधून निघालेलं सीरम पिवळसर हवं. ते लालसर दिसलं की आम्ही वॉर्डला फोन करतो, "सिस्टर, सॅम्पल परत पाठवा." पेशंटला पुन्हा टोचावं लागतं, पण खोट्या आकड्यावर औषध सुरू होण्यापेक्षा ते परवडलं.

संशोधनात तर ही शिस्त आणखी कडक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. बऱ्याच मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त दिसला. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं. पण त्याचा नमुना बर्फात ठेवून लगेच फिरवला नाही, तर तांबड्या पेशी स्वतःच होमोसिस्टीन सोडत राहतात. मग वाढ आईच्या शरीरातली की नळीतली, हे कसं कळणार?

तेव्हा तपासणीला जाताना एवढं करा. उपाशीपोटी यायला सांगितलं असेल, तर चहाही नको, पाणी चालेल. चालू असलेली सगळी औषधं सांगा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर त्याही. थायरॉइडच्या काही चाचण्यांचे निकाल त्यांनी चुकतात. आणि प्रयोगशाळेने पुन्हा रक्त मागितलं, तर रागावू नका. ते तुमच्याच भल्यासाठी असतं.