भाडेकरूचे हक्क, घरमालकाची कर्तव्ये
(भाषणाचा मजकूर)

भाड्याच्या घरावरून होणाऱ्या अनेक तंट्यांचे मूळ तोंडी व्यवहारात असते. लेखी करार नाही म्हणजे आपली बाजू लंगडी, असा भाडेकरूचा समज असतो. कायदा मात्र वेगळे सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला. तो जेथे लागू आहे, तेथे कलम ५५ अन्वये लेखी कराराच्या नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तसा करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य ठरते.

भाड्याची लेखी पावती देणे आणि, विरुद्ध करार नसल्यास, घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाचीच कर्तव्ये होत. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. पुरेशा कारणाशिवाय पाणी वा वीज तोडता येत नाही.

भाडेकरूनेही भाडे वेळेवर दिले पाहिजे. तथापि, थकबाकीसाठी घर खाली करून मागण्याचा दावा लावण्यापूर्वी ९० दिवसांची नोटीस आवश्यक आहे.

तक्रार घेऊन आलेल्यास ‘कागद कोठे आहे?’ असे विचारले जाते. तो कागद करण्याचा भार कोणावर होता, हेही विचारले गेले पाहिजे.