गोळी मोडायची की नाही? औषधाची रूपं आणि त्यांची वर्गवारी

आजचा विषय फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला येतो. डोसेज फॉर्म्स, म्हणजे औषधाची रूपं. डी. फार्मची मुलं त्याचा तक्ता पाठ करतात, परीक्षेत काढून दाखवतात आणि मोकळी होतात. पण या तक्त्याची खरी गरज घरात असते. पाथरीत असो, पालममध्ये असो, औषध आणणारा एक आणि देणारा दुसराच असतो. तेव्हा आज तो तक्ता आपण घराच्या बाजूनं वाचू.

आधी एक साधी गोष्ट. पॅरासिटामॉल घ्या. ते मुळात एक पांढरी, कडू भुकटी आहे. 500 मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम, चिमूटभर. ती तशीच कुणी मोजून खाणार नाही. म्हणून कारखान्यात तिच्यात इतर पदार्थ घालून, दाबून गोळी करतात. लेकरासाठी गोड पातळ औषध करतात. उलट्या थांबत नसतील तर गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी असते. दवाखान्यात तेच शिरेतूनही देतात. औषध एकच. पण रूप बदललं की डोस बदलतो, वेग बदलतो, ठेवायची जागा बदलते, घ्यायची रीतही बदलते. आज मला एवढंच सांगायचं आहे: रूप हा औषधाचाच भाग आहे, वरचं वेष्टन नव्हे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आयुर्वेदात स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट अशा पाच मूळ कल्पना सांगितल्या आहेत. काढा रोजचा रोज करायचा, आसव-अरिष्ट मात्र वर्षानुवर्षं टिकतात, हे आपल्या आजीला माहीत होतं. आजचा तक्ताही तसाच आहे. त्यात चार प्रश्न आहेत. औषध कोणत्या अवस्थेत आहे? शरीरात कोणत्या वाटेनं जातं? आत गेल्यावर कधी उघडतं? आणि ते ठेवायचं कुठं?

पहिला प्रश्न, अवस्था. घन, अर्धघन, द्रव आणि वायुरूप असे चार गट. घनमध्ये गोळ्या, कॅप्सूल, पावडर. अर्धघनमध्ये मलम, क्रीम, जेल. द्रवमध्ये सिरप, सस्पेन्शन, थेंब, लोशन. वायुरूपात ऑक्सिजन, भूल देण्याचे वायू, आणि त्यांच्या जोडीला इनहेलरचे फवारे.

घन रूप सगळ्यात टिकाऊ. पाण्याचा संबंध नाही, डोस मोजलेला, खिशात राहतो. म्हणून काही अँटिबायोटिक लेकरांसाठीसुद्धा पावडर म्हणून बाटलीत येतात. त्याला आपण ड्राय सिरप म्हणतो. घरी उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं आणि हलवायचं. पाणी पडलं की घड्याळ सुरू झालं. किती दिवस चालेल आणि फ्रिज लागेल का, ते लेबलवर असतं. बऱ्याच औषधांना सातच दिवस असतात. उरलेलं औषध पुढच्या तापाला ठेवून देऊ नका.

सिरप आणि सस्पेन्शन यांतही फरक आहे. सिरपमध्ये औषध विरघळलेलं असतं. सस्पेन्शनमध्ये ते बारीक कणांच्या रूपात तरंगतं आणि बाटली ठेवली की तळाला बसतं. न हलवता दिलं तर पहिले डोस पांचट जातात आणि शेवटचे जास्त कडक. "शेक वेल" लिहितात ते याचसाठी.

आता नीट ऐका, लेकरं असलेल्या घरांसाठी हे महत्त्वाचं आहे. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. मोठ्या बाटलीतल्या पातळ औषधात 5 मिलीमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, काहींत 250. म्हणजे थेंबांचं औषध कितीतरी घट्ट आहे. 10 किलोच्या लेकराला एका वेळी साधारण 100 ते 150 मिलिग्रॅम लागतं. थेंबांच्या बाटलीतून टोपणभर, म्हणजे 5 मिली दिलं तर 500 मिलिग्रॅम गेलं. मोठ्या माणसाची अख्खी गोळी! म्हणून "तापाचं औषध" एवढं म्हणून भागत नाही. थेंब की सिरप, हे आधी बघा. आणि थेंबांसोबत आलेला ड्रॉपर किंवा बाटलीचं मापच वापरा. घरातले चमचे एकसारखे नसतात.

पावडरच्याच गटात ओआरएसची पुडी येते. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत हे मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तिथला मृत्युदर साधारण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आला. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, लहान पुडी 200 मिलीची. मोठी पुडी पेल्यात अंदाजानं ओतायची नाही. अख्खी पुडी, अख्खं लिटर, आणि 24 तासांत संपवायचं. ओआरएस नाव छापलेली गोड पेयं टेट्रा पॅकमध्ये मिळायची, त्यांत साखर जास्त असायची. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं ते नाव अशा पेयांवर वापरायला मनाई केली. तेव्हा मेडिकलवर ओआरएस घेताना पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का, ते पाहा.

द्रव रूपाला आणखी एक जोखीम आहे. गोळीला पातळ करायचं तर ते विरघळवायला काहीतरी लागतं, आणि ते "काहीतरी" सुद्धा लेकराच्या पोटात जातं. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड नावाचं औषध गोळी आणि पावडर म्हणून वापरात होतं. एका कंपनीनं त्याचं पातळ औषध काढलं आणि विरघळवायला डायएथिलिन ग्लायकॉल वापरलं. ते मूत्रपिंडाला विष आहे. शंभरहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लेकरं. त्यानंतर 1938 चा तिकडचा औषध कायदा आला. आपल्याकडे 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच विष निघालं. 14 रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. आणि 2025 मध्ये पुन्हा तेच. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप घेऊन आजारी पडली, मूत्रपिंडं निकामी झाली, अनेकांना नागपूरला आणलं. वीसहून जास्त लेकरं गेली. सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं. हे विष घरी ओळखता येत नाही. ते काम कारखान्याचं आणि सरकारी तपासणीचं आहे. आपल्या हातात एवढंच आहे की लहान लेकराला खोकल्याचं सिरप डॉक्टरांना न विचारता आणायचं नाही, आणि औषध घेतल्यावर लघवी कमी झाली किंवा बंद झाली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

दुसरा प्रश्न, वाट. तोंडातून गिळलेलं औषध आधी पोटात, तिथून यकृतात आणि मग सगळीकडे जातं. काही औषधांचा मोठा भाग यकृतातच मोडतो. म्हणून छातीत दुखल्यावरची आयसोसॉर्बाइडची छोटी गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात. तिथून ती थेट रक्तात जाते. तीच गिळली तर उशीर होतो, आणि त्या वेळी उशीरच नको असतो. ही गोळी बसून घ्यायची, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

श्वासाची वाट बघा. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना धूळ आणि धाप नवी नाही. दम्याला इनहेलर दिला की घरचे म्हणतात, "पंप नको, सवय लागते. गोळीच द्या." आता हिशेब करा. साल्ब्युटामॉलच्या इनहेलरच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. गोळी असते 2 किंवा 4 मिलिग्रॅमची. 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 40 दाबांएवढं औषध! गोळी आधी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि त्यातलं थोडंच फुप्फुसात पोचतं. इनहेलर जिथं दुखणं आहे तिथंच औषध सोडतो. मग जड औषध कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

आणि सुई. सुई दिली नाही तर डॉक्टर बरा नाही, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. सुईनं औषध लवकर पोचतं, खरंय. पण गिळलेली गोळी उलटीत पडू शकते, सुईतून गेलेलं परत काढता येत नाही. म्हणून सुईचं औषध निर्जंतुकच असावं लागतं. पेशंट तोंडानं घेऊ शकत असेल आणि काम गोळीनं होत असेल, तर सुईचा हट्ट नको.

सलाईनचंही तसंच. "ताकदीची सलाईन लावा" म्हणतात. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिली बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच लहान चमचे. साध्या नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला पाणी पोटात ठरत नाही, त्याचा जीव ती वाचवते. ज्याला भाकरी जाते, त्याला भाकरीतच जास्त ताकद आहे.

तिसरा प्रश्न, औषध कधी उघडतं. ही वर्गवारी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चुका इथंच जास्त होतात. साधी गोळी पोटात लगेच विरघळते. दुसऱ्या प्रकारावर असं आवरण असतं की ती पोटातल्या आम्लात टिकते आणि आतड्यात गेल्यावर उघडते. पित्तावरची पँटोप्राझोल अशी आहे. आम्लात ते औषधच खराब होतं, म्हणून कुटून दिली तर फायदा गेला. तिसरा प्रकार हळूहळू, बारा किंवा चोवीस तास औषध सोडतो. साखरेची मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा येतात. अशी गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. रक्तदाबाच्या गोळीत हे जिवावर बेतू शकतं.

घरात म्हातारं माणूस असेल, गिळता येत नसेल किंवा नाकात नळी असेल, तर सगळ्या गोळ्या एकत्र कुटून पाण्यात देतात. हेतू चांगला असतो. पण आधी स्ट्रिपवरचं नाव वाचा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर, ईसी किंवा डीआर लिहिलं असेल तर विचारल्याशिवाय कुटायचं नाही, चावायचं नाही. अक्षरं नसली तरी एकदा विचाराच, कारण पँटोप्राझोलच्या पाकिटावर ती असतीलच असं नाही. डॉक्टरांना सरळ म्हणा, "यांना गिळता येत नाही, पातळ मिळेल का?" पुष्कळदा दुसरं रूप मिळतं. डीटी लिहिलेली गोळी मात्र पाण्यात विरघळवण्यासाठीच असते. मधे रेघ असलेली गोळी बहुतेक वेळा अर्धी करता येते. पण अर्धी करणं वेगळं आणि कुटणं वेगळं. आणि हळू सुटणाऱ्या गोळीचं टरफल कधी कधी शौचात दिसतं. घाबरू नका, औषध आत उतरलेलं असतं.

चौथा प्रश्न, ठेवायचं कुठं. इथं आपली परभणी येते. औषधांच्या ग्रंथांत 40 अंशांच्या वरच्या तापमानाला अतिउष्णता म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात असतो, आणि पत्र्याच्या घरात, मोटारसायकलच्या डिक्कीत त्याहून जास्त. लेबलवर मात्र लिहिलेलं असतं, 30 अंशांच्या खाली ठेवा. सपोझिटरी तर अंगाच्या उष्णतेला, 37 अंशांना विरघळावी अशीच बनवलेली असते; आपल्या मे महिन्यात ती पाकिटातच वितळते. कॅप्सूल मऊ पडून एकमेकांना चिकटतात. क्रीममधलं तेल-पाणी वेगळं होतं.

सगळ्यात नाजूक इन्सुलिन. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलं की ते वाया गेलं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे थंड जागी चालते. फ्रिज नाही किंवा लाईट सारखी जाते, तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, कोरड्या डब्यात घाला आणि तो डबा ओल्या माठात, सावलीला ठेवा. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे माठ चांगला गार होतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तो तेवढा गार होत नाही, हेही लक्षात ठेवा.

गोळ्या स्ट्रिपमधून काढून एकाच डबीत भरू नका. स्ट्रिप ओल आणि उजेड अडवते. स्वयंपाकघरात चुलीजवळ, खिडकीत, देवळीत उन्हाला औषध नको. डोळ्याच्या थेंबांची बाटली उघडली की तारीख लिहा. साधारण महिनाभरानं ती टाकायची, शेवटची तारीख पुढची असली तरी. आणि कानाचे थेंब डोळ्यात कधीच नाही.

तर मंडळी, मेडिकलवरून निघताना चारच प्रश्न विचारा. हे हलवायचं का, आणि मोजायचं कशानं? गिळायचं, चघळायचं की जिभेखाली ठेवायचं? मोडलं, कुटलं तर चालेल का? घरात कुठं ठेवू? विचारायला लाजू नका. काउंटरवर फार्मासिस्ट असावा असा कायदा आहे तो याचसाठी. आणि औषध देणारं माणूस घरी दुसरं असेल, तर उत्तरं पाकिटावर मराठीत लिहून घ्या.

हा भाग घरात जो औषधं देतो त्याला नक्की ऐकवा किंवा वाचून दाखवा. पुढच्या भागात भेटू.