दोन माणसे आणि जमाव



तुळिंजच्या चाळींजवळून जाणारा लोहमार्ग पुढे अहमदाबादला पोहोचतो. पहाटे चर्चगेटकडे धावणाऱ्या श्रमिकाला त्या दुसऱ्या टोकाची आठवण होण्याचे कारण नाही. तेथे १ जुलै १९४६ रोजी, रथयात्रेच्या दिवशी उसळलेल्या दंगलीत दोन मित्र एकत्र मारले गेले. वसंतराव हेगिष्टे अहमदाबादेतील मराठी घरातले, चाळिशीचे. रजबअली लाखाणी खोजा मुसलमान, तिशीच्याही आतले. दोघेही काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते, दोघांनीही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेला. जमालपूर भागात जमाव खवळल्याचे कळताच दोघे निःशस्त्र धावले, मध्ये उभे राहिले आणि परतले नाहीत. झवेरचंद मेघाणींनी त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथ संपादित केला.

त्यांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. अवघड गोष्ट अशी की, त्यांच्या बलिदानाने त्या दिवशीची दंगल थांबली नाही. मैत्री कितीही निखळ असो, जमावापुढे ती अखेर दोनच माणसे असतात.

यावरून मैत्री निरुपयोगी ठरते काय? उत्तर तुळिंजपासून फार दूर नाही. भिवंडी आणि वसई हे तालुके २०१४ पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होते. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने आणि पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात ते यंत्रमागांचे शहर पेटले. सूत, माग, कापड यांचे व्यवहार धर्माची वेस ओलांडून चालत होते. पण ते ढाल ठरले नाहीत. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीतील साधी हिंदू-मुसलमान माणसे नियमाने एकत्र बसू लागली. तंटे लहान असतानाच मिटवू लागली, अफवा तपासू लागली. पोलिसांच्या पुढाकाराकडे चळवळीतील माणसाने साशंकतेने पाहावे हे स्वाभाविकच. तथापि फळ नाकारता येत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत, न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, ९०० माणसे मेली. भिवंडी शांत राहिली.

मुंबईतील त्या दंगलीनंतर अनेक कुटुंबांनी जुने शेजार सोडले आणि आपापल्या धर्माच्या वस्त्या जवळ केल्या. जीव वाचवू पाहणाऱ्यांना दोष कोण देईल? पण ज्या मुलांनी एका गल्लीत गोट्या खेळल्या असत्या, त्यांची ओळखच झाली नाही. जमातवादाला याहून स्वस्तात काय हवे?

तुळिंजसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ओळखी पुष्कळ असतात: पाण्याच्या रांगेतल्या, लोकलच्या डब्यातल्या, वाण्याच्या उधारीच्या वहीतल्या. पण रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर अफवा आली, तर कोणी कोणाचे दार ठोठवायचे, हे कोठे ठरले आहे? वसंतराव आणि रजबअली यांचे ते आधीच ठरलेले होते. त्यांच्या मागे गल्ली उभी नव्हती एवढेच. पुढच्या गणेशोत्सवापूर्वी प्रत्येक चाळीने एक संध्याकाळ काढून ती दारे ठरवावीत. एक सतरंजी आणि चहाचा खर्च, याहून अधिक काही लागणार नाही.