शासकीय शाळा आणि धर्मशिक्षण



शासकीय शाळांत धर्मशिक्षणाला स्थान किती, याची मर्यादा भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ ने आखून दिली आहे. संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. राज्याची मान्यता वा अनुदान असलेल्या अन्य शाळेतही अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीवाचून त्यात सहभागी करून घेता येत नाही.

अनुच्छेद १२ नुसार 'राज्य' या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणांचाही समावेश होतो. म्हणून १९५० मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलेल्या अंधेरी-घाटकोपरच्या, तसेच १९५७ मध्ये आलेल्या बोरिवली-मुलुंडच्या पालिका शाळांनाही हे बंधन लागू आहे. या उपनगरांत निरनिराळ्या धर्मांची मुले एकाच बाकावर बसतात. शिक्षकाने एका धर्माची श्रद्धा सर्वांचे सत्य म्हणून शिकविली, तर शेजारचे मूल स्वतःच्याच वर्गात परके ठरेल.

तथापि, धर्माविषयीचे अज्ञान हे धर्मनिरपेक्षतेचे लक्षण नव्हे. धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतील भेद कोठारी आयोगाने (१९६४-६६) स्पष्ट केला. धर्मांच्या अभ्यासाला संविधानाची आडकाठी नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये दिला. बोरिवलीतील मंडपेश्वरचे शैव लेणे पोर्तुगीज अमलात चर्च म्हणून वापरले गेले. जवळच कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. त्यांचा इतिहास सर्व मुलांनी जाणावा. कोणापुढे हात जोडावेत, हे मात्र घराने आणि पुढे त्या मुलाच्या विवेकाने ठरवावे. शाळेने ही सीमारेषा जपावी; त्यातच प्रत्येक मुलाचा सन्मान आहे.